समुद्रपक्ष्यांची वसाहत आणि भोवतालचा चारा : एका खेळपटाच्या प्रकल्प नोंदी

८ जून

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या विज्ञान मंडळाचा यंदाचा प्रकल्प आज ठरला. सुट्टीत कोकणात जाऊन आलेल्या एका मुलाने विचारले होते की, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांवर सुरय पक्षी घरटी करतात, तर किनाऱ्यालगतचे इतर इतके खडक त्यांना का चालत नाहीत? या प्रश्नाचे निम्मे उत्तर खडकातच आहे, कारण जिथे माणसाचा आणि शिकारी जनावरांचा वावर नाही तिथेच उघड्यावरची अंडी टिकतात. उरलेले निम्मे उत्तर खडकाभोवतीच्या पाण्यात आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मुलांना समजावणे अवघड जाते. म्हणून समुद्र, बेटे, मासे आणि पक्षी असा सर्व संसार मांडून खेळता येईल असा सहा फूट लांब आणि चार फूट रुंद पट बनवायचे ठरवले. १० ऑगस्टला पालकांसमोर तो मांडायचा आहे.

कोकणचा समुद्र घ्यावा अशी मुलांची इच्छा होती. मी ब्रिटन आणि आयर्लंडभोवतीचा समुद्र निवडला, कारण तिथल्या गॅनेट पक्ष्यांच्या वसाहती वर्षानुवर्षे मोजल्या गेल्या आहेत आणि पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे बसवून ते चाऱ्यासाठी कुठवर जातात हेही नोंदले गेले आहे. पटावर जे घडेल ते खऱ्याशी ताडून पाहता आले नाही, तर हा नुसता सोंगट्यांचा खेळ होईल. गॅनेट हा हंसाएवढ्या अंगाचा नसला तरी पंख पसरल्यावर जवळपास सहा फूट भरणारा पांढरा पक्षी आहे, तो उंचावरून पाण्यात सूर मारून मासे पकडतो आणि कड्यांवर दाटीवाटीने घरटी करतो.

१४ जून

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घेतला. पूर्ण ताव आठ बाय चार फुटांचा मिळतो, म्हणून दोन फूट कापून घेतले आणि तो तुकडा मासे ठेवण्याच्या खोक्यासाठी राखून ठेवला. प्लायवूडला २,१०० रुपये आणि कापण्याला १०० रुपये पडले. पक्षी म्हणून चार रंगांची शर्टाची बटणे बोहरी आळीतून घेतली. दीडशे बटणांना १८० रुपये लागले.

२१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असल्याने रस्ते बंद होते आणि प्लायवूड आणणारा टेम्पो दोन दिवस उशिरा आला. तोवर घरी बसून नकाशा कागदावर मोठा करून घेतला. भिंतीवर लावण्याच्या जगाच्या नकाशावरून चौकोनांच्या मदतीने किनारे उतरवले आणि एक सेंटीमीटर म्हणजे आठ किलोमीटर असे प्रमाण ठरवले.

२४ जून

तीन संध्याकाळींचे काम वाया गेले, आणि चूक माझीच होती. भिंतीवरचा नकाशा मर्केटरच्या दंडगोल प्रक्षेपणाचा होता. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत. या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतशी अंतरे फुगत जातात. ५० अक्षांशावर दीडपटीहून थोडी अधिक, तर ६० अक्षांशावर बरोबर दुप्पट. मी प्रमाण उतरवलेल्या नकाशाच्या खालच्या कडेवरून, म्हणजे ५० अक्षांशापाशी मोजले होते. त्यामुळे ३०० किलोमीटर म्हणून कापलेला दोरा उत्तरेकडे शेटलंड बेटांजवळ प्रत्यक्षात सुमारे २३५ किलोमीटरांपर्यंतच पोचत होता. पक्षी किती लांबून चारा आणू शकतो हाच ज्या पटाचा कणा आहे, त्यात ही चूक ठेवून चालणार नव्हते. मग शंकू प्रक्षेपणाचा, म्हणजे या भागातली अंतरे फारशी न फुगवणारा, नकाशा मिळवून सर्व पुन्हा काढले. असा पट करणाऱ्याने प्रथम दोन ठिकाणांमधील खरे अंतर शोधावे आणि नकाशावर पट्टीने ताडून पाहावे. स्कॉटलंडमधील बास रॉक हे बेट आणि इंग्लंडमधील बेम्प्टनचे कडे या दोन गॅनेट वसाहतींमधील सरळ अंतर सुमारे २६५ किलोमीटर आहे, म्हणजे आमच्या पटावर ते ३३ सेंटीमीटर यायला हवे, आणि आता ते तसे येते.

२८ जून

फळीला निळा रंग दिला आणि तीन-तीन इंचांचे चौकोन आखले. लांबीत २४ आणि रुंदीत १६ चौकोन बसले. एक चौकोन म्हणजे साधारण ६१ किलोमीटर. बास रॉक, बेम्प्टन, एल्सा क्रेग, ग्रासहोम, सेंट किल्डा आणि लिटल स्केलिग या सहा वसाहतींच्या जागी भोके पाडून लाकडी खुंट्या बसवल्या.

माशांसाठी आधी मोहरी घेतली होती, ती फळीवर टिकेना. सभागृहाच्या पंख्याच्या वाऱ्याने सगळे मासे एका कोपऱ्यात जमले. मग साबुदाणा घेतला. तो पावसाळी हवेत सर्दावून चौकोनांना चिकटला आणि सोडवताना रंगाचे पोपडे निघाले. शेवटी काचेचे मणी आणले आणि ते घरंगळू नयेत म्हणून फळीवर निळे मखमली कापड चिकटवले. पांढरा गोंद या हवेत वाळायला तीन दिवस लागले आणि मधोमध फुगे आले, ते इस्त्रीने बसवले. त्यावर पांढऱ्या खडूने चौकोन पुन्हा आखावे लागले. मणी, कापड आणि गोंद मिळून ७४० रुपये झाले. दुसऱ्यांदा करताना रंग देण्याच्या भानगडीत पडू नये, थेट कापड लावावे.

२९ जून

पहिला खेळ झाला आणि पूर्णपणे फसला. प्रत्येक बटणाला गोधडीचा जाड दोरा बांधून त्याचे दुसरे टोक खुंटीला अडकवले होते, म्हणजे दोऱ्याची लांबी हीच पक्ष्याच्या खाद्यफेरीची मर्यादा. चाळीस बटणांचे चाळीस दोरे दहा मिनिटांत इतके गुंतले की कात्रीनेच सोडवावे लागले. त्याआधी लोकरीचा धागा वापरून पाहिला होता, तो ओढला की ताणला जातो आणि पक्षी हळूच पन्नास किलोमीटर पुढे सरकतो.

दोरे काढून टाकले. आता प्रत्येक पक्ष्याला एका दिवसात दहा घरे, म्हणजे दहा चौकोन, चालता येतात, पण त्यातच त्याने परत खुंटीवर यायचे आहे. म्हणजे फार तर पाच घरे जाणे आणि पाच घरे येणे, साधारण ३०० किलोमीटर. बास रॉकचे गॅनेट याहून लांब जातात, काही पक्षी ५०० किलोमीटरांपलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. परंतु तेवढी मोकळीक दिली तर सहाही वसाहती सगळा पट व्यापतात आणि खेळात काही उरत नाही.

हा बदल दोऱ्यांच्या गुंत्यामुळे केला, तरी खेळाचे मर्म त्यातूनच हाती लागले. परतीची सक्ती नसताना मुले बटण मण्यांवर नेऊन तिथेच बसवत होती. सक्ती आल्यावर मुले मोजायला लागली. विणीच्या हंगामाबाहेर समुद्रपक्षी मासे असतील तिथे जातो, हंगामात मात्र पिलू एका ठिकाणी बांधलेले असते आणि समुद्रातील प्रत्येक माशाची किंमत घरट्यापासूनच्या अंतरावर ठरते. एक मुलगी म्हणाली, "ताई, मासे तितकेच आहेत, पण लांबचे मासे महाग झाले." याहून चांगले वाक्य मला सुचले नसते.

६ जुलै

आजची चूक अधिक खोल होती. प्रत्येक चौकोनात दोन मणी, आणि उचललेला मणी लगेच परत, असा नियम होता. शिवाय घरटे कुठेही करण्याची मुभा दिली होती. मुलांनी घरटी पटभर विखरून टाकली आणि एकही मोठी वसाहत झाली नाही. त्यांचे काही चुकले नव्हते. चारा सगळीकडे सारखा आणि कायम असेल, तर शेजाऱ्यापासून दूर राहणेच फायद्याचे. हेन्री हॉर्न यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील ब्रुअर्स ब्लॅकबर्ड या पक्ष्याबाबत हेच गणित मांडले होते. चारा सारखा पसरलेला असेल तर घरटी विखुरतात, आणि तो पुंजक्यांनी असून जागा बदलत असेल तर सर्वांनी मधोमध एकत्र घरटी केल्यास सरासरी फेरी लहान होते. माशांचे थवे दुसऱ्या प्रकारचे असतात.

म्हणून मणी आता पुंजक्यांनी ठेवले आणि रोज फाशाने त्यांची जागा बदलली. परंतु सगळे पुंजके फाशावर सोडले तर समुद्राला काही रूपच राहत नाही. खऱ्या समुद्रात जिथे भरती-ओहोटीने घुसळलेले पाणी आणि थर धरून असलेले पाणी एकमेकांना भिडते, तिथे अन्न साचते आणि मासे व पक्षी दोन्ही जमतात. अशा सीमांच्या जागी पिवळ्या लोकरीचे पट्टे शिवले आणि निम्मे पुंजके त्या पट्ट्यांवर, निम्मे फाशाने असे ठरवले. घरटी फक्त सहा खुंट्यांवर. संध्याकाळपर्यंत काही खुंट्या भरल्या आणि काही जवळजवळ रिकाम्या राहिल्या. एका मुलाने या जागी इंदापूरच्या चिंचांवरील चित्रबलाकांची आठवण काढली. ते पक्षीही उजनीच्या पाण्यातून चारा आणतात. तुलना पूर्ण जुळत नाही, पण त्याने मनाने जोडली याचा आनंद झाला.

१३ जुलै

उचललेला मणी लगेच परत ठेवण्याचा नियम आज काढला. मग दुसरे टोक गाठले गेले. मणी अजिबात परत न आल्यामुळे आठव्या दिवशी समुद्र रिकामा झाला आणि सगळी पिले मेली. तीन तास निरनिराळे आकडे करून पाहिले. शेवटी रोज बारा मणी नव्याने घालणे हे प्रमाण जमले.

मग वेगळी चाचणी घेतली. फळी उलटी करून मागच्या बाजूवर, जिथे चहूबाजूंनी नुसता समुद्र आहे, मधोमध एकच खुंटी ठोकली आणि तिला असेन्शन बेट असे नाव दिले. दक्षिण अटलांटिकमधील या एकाकी बेटावर फिलिप अ‍ॅशमोल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रपक्ष्यांचा अभ्यास केला होता, आणि १९६३ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की मोठ्या वसाहतीतील पक्षी हंगामात बेटाजवळचे मासे इतके खातात की भोवताली चाऱ्याचे दुर्भिक्ष तयार होते; पिलांसाठी अधिकाधिक लांब जावे लागते आणि वसाहतीची वाढ तिथेच अडते. ही गोष्ट थेट मोजून दाखवायला पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच बेटाभोवती उडत्या माशांची घनता तपासली गेली, तेव्हा त्यांची तूट दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरापर्यंत दिसली.

आमच्या खुंटीवर चाळीस बटणे ठेवून वीस दिवस खेळवले आणि मग सर्वांना हात मागे घ्यायला सांगितले. बेटाभोवती मखमल उघडी पडली होती. खुंटीभोवतीच्या चौकोनांच्या पहिल्या दोन कड्यांत मिळून तीन मणी होते, तिसऱ्यापासून ते वाढत गेले. मुलांनी त्याला "रिकामे वेटोळे" असे नाव दिले आणि आता आम्ही सगळे तेच म्हणतो. हा क्षण पाहण्यासाठी मी पाच आठवडे काम करत होते, हे इथे लिहून ठेवते.

२० जुलै

पावसामुळे फक्त सहा मुले आली. फळी पुन्हा सुलटी केली आणि वसाहतीचा आकार व फेरीची लांबी यांची सांगड घालून पाहिली. बास रॉकवर पाच बटणे असताना एका फेरीला सरासरी चार घरे लागली, वीस बटणे असताना सात. गॅनेटच्या वसाहतींमध्ये वसाहत जितकी मोठी तितक्या खाद्यफेऱ्या लांबतात आणि तिच्या वाढीचा वेग मंदावतो, असे २००१ मध्ये दाखवले गेले आहे. आमचे आकडे त्या दिशेने गेले, यापलीकडे त्यांना महत्त्व देऊ नये.

एक दोष मुलांनीच दाखवला. मी सहाही वसाहती दहा-दहा बटणांनी सुरू करत असे. शेजारी मोठी वसाहत असेल तर तिच्या टप्प्यातील लहान वसाहत वाढूच शकत नाही, हे खेळात चौथ्या-पाचव्या हंगामात दिसायचे आणि तोवर मुले कंटाळायची. फर्नेस आणि बर्कहेड यांनी १९८४ मध्ये ब्रिटनमधील चार जातींच्या वसाहती तपासून हाच नियम काढला होता. खाद्यफेरीच्या टप्प्यात आपल्याच जातीचे जितके जास्त पक्षी इतर वसाहतींत असतील, तितकी वसाहत लहान. आता सुरुवातच असमान करतो. बास रॉकवर सर्वांत जास्त बटणे असतात, आणि ते रास्त आहे. २०१४ च्या मोजणीत तिथे ७५,२५९ घरट्यांच्या जागा भरल्या होत्या आणि ती जगातील सर्वांत मोठी गॅनेट वसाहत ठरली होती.

२७ जुलै

बास रॉकची लाल बटणे आणि बेम्प्टनची हिरवी बटणे यांची हद्द एकमेकांवर येते, कारण दोघांचा टप्पा ३०० किलोमीटरांचा आणि मधले अंतर २६५. दोन्ही रंग मधल्या पाण्यात मिसळतील अशी माझी अपेक्षा होती. खेळ पुढे गेल्यावर ते आपोआप वेगळे झाले. कोणी कोणाला हाकलले नाही, तसा नियमच नाही. कारण असे की बेम्प्टनजवळचे पाणी हिरव्यांनी आधीच उपसलेले असते, आणि इतक्या लांबून आलेल्या लाल पक्ष्याला तिथे खर्चाच्या मानाने काहीच मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वळतो.

२०१३ मध्ये बारा वसाहतींमधील गॅनेटच्या मागावर राहून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शेजारच्या वसाहतींचे पक्षी समुद्र असाच वाटून घेताना दिसले, आणि तोही समुद्रावर हक्क न सांगता. मी हे वाचले होते, पण खरे सांगायचे तर मला ते आज कळले.

३ ऑगस्ट

शेवटचा मोठा दोष आज दुरुस्त केला. आमच्या नियमात पिलू मेले की पालकांचे बटणही बाद होत असे, त्यामुळे एका वाईट हंगामात वसाहत नाहीशी व्हायची. समुद्रपक्षी दीर्घायुषी असतात. चारा तुटला की ते पिलू सोडून देतात आणि स्वतः जगतात. शेटलंडमध्ये सँडईल मासे आटले तेव्हा १९८४ ते १९९० या काळात आर्क्टिक सुरयांची जवळपास एकही पिढी नीट वाढली नाही, तरी मोठे पक्षी येत राहिले. लांबून पाहणाऱ्याला अशी वसाहत भरलेली दिसते आणि आतून ती म्हातारी होत असते. आता पिलू गेले तरी बटण राहते, आणि सलग तीन हंगाम अपयश आल्यावरच त्याला खुंटी बदलता येते.

एल निन्योची एक चिठ्ठीही खेळात घातली. मुलांना हा शब्द पावसाच्या अंदाजामुळे माहीत आहे. पेरूच्या किनाऱ्यावर एरवी खालून थंड पाणी वर येते आणि त्यावर अँचोवेटा माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. एल निन्योत ते मासे पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर जातात आणि ग्वानो (खत म्हणून वापरली जाणारी विष्ठा) देणारे पाणकावळे अंडी-पिले टाकून निघून जातात. १९५७-५८ मध्ये त्यांची संख्या अशीच कोसळली होती. पेरूची चिठ्ठी उत्तर समुद्राच्या पटावर खेळणे चुकीचे आहे, याची मला जाणीव आहे. ती फक्त असेन्शनच्या बाजूवर वापरतो आणि तिथेही ती परक्या जागेची आहे, असे सांगूनच.

१० ऑगस्ट

पट मांडला. साडेतीन तासांत चार खेळ झाले. दुसऱ्या खेळात एका आजोबांनी विचारले, "मासे दुसरीकडे गेले, तर पक्षी बेट का बदलत नाहीत?" मी आफ्रिकी पेंग्विनांचे उदाहरण दिले. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या बेटांपाशी पूर्वी तारली आणि अँचोवी मुबलक असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे मासे दक्षिण आणि पूर्वेकडे सरकले. पेंग्विन मात्र जिथे जन्मले किंवा एकदा स्थिरावले तिथेच परत येतात, आणि त्यांना उडता येत नसल्यामुळे खाद्यफेरीचा टप्पाही तोकडा. म्हणून मासे असलेल्या बाजूला दे हूप या राखीव किनाऱ्यावर शिकारी जनावरांना अडवणारे कुंपण घालून, पेंग्विनांच्या प्रतिकृती ठेवून आणि त्यांचे आवाज ऐकवून त्यांना बोलावण्याचा प्रयत्न झाला, आणि २०२२ मध्ये तिथे वीण झाल्याचे आढळले. आजोबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे बाकीची मंडळी बसलेली दिसली तरच बसायचे." ते खरे आहे, आणि आमच्या नियमांत ते नाही. आमचे बटण तीन हंगामांनंतर कोणत्याही रिकाम्या खुंटीवर जाते. प्रत्यक्षात रिकामी खुंटी पक्ष्याला धोक्याची वाटते.

१२ ऑगस्ट

एकूण खर्च ४,३६० रुपये झाला. त्यातील सुमारे ९०० रुपये रंग, साबुदाणा, लोकर आणि पहिला नकाशा यांत वाया गेले. वेळ नऊ आठवडे लागला. नकाशा आधी ताडला असता आणि दोरे टाळले असते तर सहा पुरले असते. कापडाची एक कडा पुन्हा सुटली आहे.

कापून उरलेल्या दोन फुटांच्या प्लायवूडमधून सुतारदादांकडे बारा लहान लाकडी पेंग्विन करायला दिले आहेत. ते रिकाम्या खुंटीवर आधीच ठेवायचे आणि तीन ठेवले असतील तरच बटणाने तिथे उतरायचे, असा नियम १७ तारखेला खेळून पाहू.